वणवा आला तर घर कधी सोडायचे?

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. वनविभागाची वर्षभराची मुख्य तयारी याच चार महिन्यांसाठी असते. याच काळात आपली उन्हाळी सुटी लागते आणि आपण घरी जातो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे घर म्हणजे वडिलांची नेमणूक असेल ते गाव. रानीखेत, लॅन्सडाउन, कसौली, डगशाई ही छावणीची गावे चिडाच्या जंगलाला लागून आहेत. म्हणून या अंकाच्या मराठी पानासाठी मी हा विषय निवडला.

आग विझवण्याचे काम वनविभागाचे आणि अग्निशमन दलाचे. वेळ पडली तर सैन्य आणि वायुसेनाही मदतीला येते. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालजवळ आग भडकली, तेव्हा वायुसेनेच्या एम.आय.-१७ हेलिकॉप्टरने भीमतालच्या तलावातून पाणी उचलून जंगलावर ओतले होते. फोटो पाहून आपल्यातल्या प्रत्येकाला त्या हेलिकॉप्टरमध्ये बसावेसे वाटले असेल. पण त्या दिवशी खाली घरात असलेल्या माणसाने काय करायचे असते, हा या लेखाचा विषय आहे.

तयारी म्हटले की लोक पिशवी भरायला घेतात. पिशवी लागतेच, पण तो सोपा भाग आहे. ‘निघा’ हा शब्द कोणी उच्चारायचा आणि काय दिसले म्हणजे उच्चारायचा, हे आधी ठरवणे अवघड. आणि माणसे मरतात ती बहुधा तिथेच.

चिडाचे जंगल कसे पेटते

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तिकडे डोंगराला वणवा लागतो तो मुख्यतः वाळलेल्या गवताला. रात्री लांबून लाल रेघ सरकताना दिसते आणि सकाळी डोंगर काळा झालेला असतो. कुमाऊँमधला वणवा वेगळा. चिडाच्या सुया वीतभर लांब असतात. उन्हाळा सुरू होताच त्या गळू लागतात आणि जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. त्याला इथे पिरूल म्हणतात. पिरूलावरून चालताना पाय घसरतो, हे इथे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात राळ असते, तो लवकर कुजत नाही आणि एका काडीने पेट घेतो.

एन.सी.सी.च्या नकाशावाचनात आपण समोच्चरेषा शिकतो. रेषा जवळजवळ असतील तर चढ तीव्र. हीच गोष्ट वणव्याला लागू करून पाहा. चढ दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे २० अंशांच्या उतारावर आग सपाटीच्या चौपट वेगाने वर येते. कारण सोपे आहे. चढावर ज्वाला वरच्या बाजूला झुकते आणि पुढचे गवत, पिरूल, झुडपे पेटण्याआधीच तापून कोरडी होतात. माणसाचे मात्र उलटे. चढावर आपला वेग कमी होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. डोंगरात दिवसा ऊन तापले की वारा दरीतून वर वाहतो आणि रात्री थंड हवा खाली उतरते. म्हणून दुपारी घराच्या खालच्या बाजूला लागलेली आग सर्वांत धोक्याची. वरच्या बाजूची आग त्या मानाने सावकाश येते. पण चिडाच्या जंगलात एक खोड आहे. पेटलेले शंकू उतारावरून गडगडत खाली येतात आणि खाली नवी आग लावतात. तेव्हा ‘आग वर आहे, आपण खाली आहोत’ म्हणून निर्धास्त बसता येत नाही.

तिसरी गोष्ट निखाऱ्यांची. मोठ्या वणव्यात पुष्कळशी घरे ज्वालांच्या भिंतीने जळत नाहीत. वाऱ्याने उडालेले निखारे आगीच्या बरेच पुढे जाऊन पडतात, कधी एक किलोमीटरहूनही पुढे. ते पत्र्याच्या पन्हळीत साचलेल्या पिरूलात, भिंतीला टेकून रचलेल्या सरपणात, ओसरीवरच्या गवताच्या भाऱ्यात पडतात. घर तिथून पेटते. म्हणून सुटीत घरी गेल्यावर पहिले काम झाडू घेऊन करायचे आहे. छप्पर आणि पन्हळ साफ करा. सरपण भिंतीपासून लांब हलवा. भिंतीलगतच्या दोन पावलांच्या पट्ट्यात जळण्यासारखे काहीही ठेवू नका. हे काम एका दिवसात होत नाही आणि एकदा करून संपतही नाही, कारण पिरूल रोज गळतो. माझ्या धाकट्या बहिणीकडे पन्हळीचे काम आहे. ती त्याचे दर आठवड्याला दहा रुपये घेते, आणि मला तो दर रास्त वाटतो.

पॅराडाइज गावात काय झाले

घरे रिकामी करताना काय चुकते आणि काय साधते, याचा बारकाईने अभ्यास झालेला एक प्रसंग अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेला डोंगरधारेवर पॅराडाइज नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ स्वर्ग. २०१८ मध्ये वस्ती साधारण २६,००० होती, त्यात निवृत्त आणि वयस्क माणसे बरीच. गावाभोवती पाइनची झाडे, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, आणि खाली उतरायला मोजके रस्ते. वर्णन वाचताना मला आपलीच डोंगरी गावे आठवली.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास गावापासून काही किलोमीटरवर विजेच्या तारांपाशी आग लागली. पाऊस लांबला होता आणि वारा जोराचा होता. आठच्या सुमारास निखारे गावात पडू लागले. मुख्य आग यायच्या आधीच गावात जागोजागी आगी लागल्या. त्या वणव्यात ८५ माणसे गेली आणि १८,००० हून जास्त इमारती जळाल्या.

या गावाने तयारी केली नव्हती असे नाही. आधीच्या वणव्यांवरून धडा घेऊन त्यांनी गावाचे विभाग पाडले होते. कोणता विभाग आधी निघेल, मुख्य रस्त्याच्या सगळ्या मार्गिका एकाच दिशेने कशा वापरायच्या, हे ठरवून त्याचा सरावही केला होता. त्या सरावामुळे हजारो लोक वाचले, असे मी मानतो. पण योजना होती ती एकामागून एक विभाग रिकामा करण्याची, आणि आग आली ती सगळ्या गावावर एकदम. सगळ्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर आल्या आणि अडकल्या. मोबाइलचे मनोरे बंद पडले. कित्येकांना सूचना मिळालीच नाही. काही जण सूचनेची वाट पाहत घरात बसले. मृतांमध्ये ६५ वर्षांवरचे लोक सर्वांत जास्त होते.

धूर इतका दाट होता की सकाळीच रात्र झाल्यासारखे दिसत होते. रस्ता बंद झाल्यावर अनेकांनी दुकानांसमोरच्या मोकळ्या डांबरी पार्किंगवर थांबून जीव वाचवला. डांबराला पिरूल नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ऑस्ट्रेलियाचा प्रसंग आणखी जुना आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला. त्या दिवसाला ते ‘काळा शनिवार’ म्हणतात. तिथले तेव्हाचे धोरण असे होते की एक तर तयारीनिशी घरी थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. धोरण ऐकायला बरोबर वाटते. पण बऱ्याच लोकांनी तिसराच मार्ग धरला. ते ‘बघू या’ म्हणत थांबले. मृतांपैकी ११३ जण घरात सापडले. त्यानंतर सर्वाधिक धोक्याच्या दिवशी लवकर निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग, असे तिथे स्पष्ट सांगितले जाऊ लागले.

आपल्याकडे जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनविभागाच्या चार जणांना जागीच मृत्यू आला. ते जंगल ओळखणारे लोक होते. म्हणून मला ‘थोडा वेळ बघू, मग निघू’ या वाक्याची भीती वाटते.

आमच्या घराची योजना

आता आमचेच घर उदाहरण म्हणून घेतो, कारण त्याचा नकाशा मला पाठ आहे. बाबांची नेमणूक रानीखेतला आहे. आम्ही छावणीबाहेर भाड्याच्या घरात राहतो. घर उताराच्या मधोमध आहे. मोटाररस्ता घराच्या वर आहे आणि तिथे जायला २१० पायऱ्या आहेत. खाली चिडाचे जंगल आणि त्याच्याही खाली गधेरा, म्हणजे ओढा. घराच्या पूर्वेला पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. घरात आई, आजी आणि धाकटी बहीण असते. सुटीत मी.

अडचण ओळखली असेल. रस्ता वर आहे, जंगल खाली आहे. आग खालून आली तर आपण आणि आग एकाच दिशेने चढणार. आजीला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला त्या पायऱ्या चढायला १८ मिनिटे लागतात, मी घड्याळ लावून पाहिले आहे. अशी शर्यत लावायचीच नसते. म्हणजे आजी निघण्याची वेळ इतरांच्या आधीची हवी. पॅराडाइजच्या मृतांचे वय वाचल्यावर हा मुद्दा मी घरी सर्वांत आधी मांडला. जो सर्वांत सावकाश चालतो, तो सर्वांत आधी निघतो.

गेल्या सुटीत बाबा घरी असताना आम्ही एका संध्याकाळी अंगणात बसून तीन खुणा ठरवल्या. खुणा जमिनीवरच्या आहेत, म्हणजे कोणालाही खिडकीतून दिसतील अशा.

समोरच्या डोंगराच्या मागून धूर दिसला की पहिली खूण. पिशव्या दाराशी येतात, सगळे बूट घालतात, फोन चार्जिंगला लागतो, आणि बहीण कुठेही खेळत असली तरी घरी येते. दरीच्या पलीकडच्या उतारावर आग किंवा धूर दिसला की दुसरी खूण. आजी आणि बहीण वर रस्त्यावर जातात आणि तिथल्या दुकानात बसतात. आई मागे राहते, खिडक्या-दारे बंद करते. आग किंवा धूर गधेऱ्याच्या अलीकडे आला की तिसरी. त्यानंतर घरात कोणी राहत नाही. आणि तिसरी खूण अचानक, आधीच्या दोन खुणांशिवाय आली आणि आग घराच्या थेट खाली असली, तर पायऱ्या विसरायच्या. आडवे चालत पूर्वेच्या शेतात जायचे. गहू काढून झाल्यावर ती शेते नांगरलेली, उघडी असतात. पार्किंगच्या डांबरासारखीच, तिथे जळायला काही नसते. आगीच्या पुढे चढ चढू नये, तिच्या बाजूला व्हावे, हे डोंगरातले पहिले सूत्र आहे.

खुणा ठरल्यावर आईने विचारले, “आणि तुमचा फोन लागला नाही तर?”

प्रश्न साधा नव्हता. आमच्या घरात मोठा निर्णय बाबांना विचारून होतो. सामान गुंडाळून घर सोडणे हा मोठाच निर्णय. आणि आसपास मोठी आग लागली तर बाबांच्या युनिटलाही मदतीला बोलावतील. म्हणजे ज्या दिवशी फोनची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच दिवशी ते डोंगरात कुठेतरी असणार.

बाबा म्हणाले, “फोन लागणारच नाही असं धरून चाल. मला विचारू नकोस. रस्त्यावर पोहोचलात की मग कळव.”

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि आग आलीच नाही, उगाच निघालो असं झालं तर?”

“तर संध्याकाळी परत या. मी चहा करीन.”

सबंध योजनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम मला हे वाटते. परवानगीची वाट पाहायची नाही, आणि उगाच निघालो म्हणून घरात कोणी कोणाला हसायचे नाही. हा लेख वाचणाऱ्या पालकांना, विशेषतः बाहेरगावी नेमणूक असलेल्या वडिलांना माझी विनंती आहे की घरच्यांना हे वाक्य तोंडाने सांगा. मनात असून उपयोग नाही.

आजीची हरकत वेगळी होती. “देव टाकून मी जायची नाही,” ती म्हणाली. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या देव्हाऱ्यातले टाक तळहातावर मावतात. ते लाल फडक्यात बांधून आजीच्या स्वतःच्या पिशवीत ठेवायचे ठरले. त्याच पिशवीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. देवांचा आणि गोळ्यांचा कप्पा मात्र वेगळा हवा, अशी तिची अट होती, ती मान्य झाली. आता पहिली खूण दिसली की देव उचलणे हे आजीचे काम आहे, त्यामुळे तिला उठवावे लागणार नाही.

पिशवीबद्दल थोडक्यात. आधारकार्डे, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके, सैन्याचे अवलंबित कार्ड, आमच्या गुणपत्रिका एका प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये. आठवडाभराची औषधे आणि चष्मा. थोडी रोख रक्कम, कारण वीज गेली की फोनने पैसे देता येत नाहीत. टॉर्च, पाणी, सुका खाऊ. एन-९५ मुखपट्ट्या. त्या धुरातले कण अडवतात, विषारी वायू अडवत नाहीत, म्हणून मुखपट्टी लावून धुरात थांबायचे नसते. कपडे सुती किंवा लोकरीचे, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, म्हणजे आपला पीटीचा ट्रॅकसूट सर्वांत वाईट. पायात चामड्याचे बूट. एक लोकरीची घोंगडी. आपल्याकडे घोंगडी असतेच.

सराव

हाऊसमध्ये रात्री शिट्टी वाजली की आपण किती लवकर फॉल इन होतो? त्यात आपली हुशारी काही नाही. बूट रोज त्याच जागी असतात, इतकेच. घरी तसे नसते.

आम्ही एका रविवारी सकाळी पहिला सराव केला. घरातून सगळे रस्त्यावर पोहोचायला ४१ मिनिटे लागली. कपाटाची किल्ली सापडेना, बहिणीचा एक बूट पलंगाखाली, गॅस बंद केला की नाही हे पाहायला आई अर्ध्या पायऱ्यांवरून परत गेली. त्यानंतर किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर आली आणि गॅस बंद करण्याचे काम एकाच माणसाकडे गेले. तो माणूस काम झाल्यावर मोठ्याने ‘गॅस बंद’ म्हणतो. दुसऱ्या सरावाला २४ मिनिटे लागली, त्यातली १८ आजीच्या पायऱ्यांची. तिसरा सराव रात्री, मेन स्विच बंद करून, टॉर्चच्या उजेडात केला. त्याला ३० लागली. घरचा खरा आकडा ३० धरायचा, २४ नव्हे.

आमच्या शेजारी एक आमा राहते. कुमाऊँमध्ये आजीला आमा म्हणतात. तिच्याकडे दोन गायी आणि काही शेळ्या आहेत. आमचा सराव पाहून ती हसली होती. पण तिसऱ्या सरावानंतर तिने स्वतःहून विचारले की जनावरांचे काय. जनावरे पायऱ्यांवरून घाईत नेता येत नाहीत. म्हणून पहिली खूण दिसली की त्यांना पूर्वेच्या शेतात नेऊन ठेवायचे, आणि तेवढा वेळच मिळाला नाही तर निदान दावी सोडायची आणि गोठ्याचे दार उघडे टाकायचे. बांधलेले जनावर गोठ्यात सोडून जायचे नाही. मी घरी नसताना आमाला हाक मारणे हे काम बहिणीकडे आहे. आमाला कमी ऐकू येते, त्यामुळे नुसती हाक चालत नाही, दारापर्यंत जावे लागते.

सूचना आणि रस्ता

डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या मदतीने देशभरातल्या वणव्यांवर नजर ठेवते आणि आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. सामान्य नागरिकही त्यासाठी नाव नोंदवू शकतात. अवश्य नोंदवा. पण एक गोष्ट समजून घ्या. हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागलेली आग त्यांना पुढच्या फेरीलाच दिसणार. त्यामुळे संदेश आला नाही याचा अर्थ आग नाही असा होत नाही. तुम्हाला स्वतः धूर दिसला तर ११२ किंवा १०१ वर, नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा. कळवा आणि आपली योजना सुरू करा. उत्तराची वाट पाहू नका.

रस्त्यावर पोहोचल्यावर कुठे जायचे, हेही आधी ठरवावे लागते, आणि दोन ठिकाणे ठरवावी लागतात. आमच्याकडून हल्द्वानीला जाणारा रस्ता खैरना, गरमपानी, कैंची धाम, भवाली असा खाली उतरतो. मे-जूनमध्ये तो पर्यटकांनी भरलेला असतो. कैंची धामचा मोठा मेळा १५ जूनला, म्हणजे वणव्याच्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी भरतो. त्या दिवसांत हल्द्वानी गाठू म्हणून निघालो तर पॅराडाइजसारखेच रस्त्यात अडकू. म्हणून आमचे पहिले ठिकाण जवळचे आहे, गावातले मोठे मोकळे मैदान. ते शक्य नसेल तर अल्मोड्याच्या बाजूला ओळखीचे एक घर. दोन्ही पत्ते बहिणीला पाठ आहेत.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हंगामात ती रस्त्याकडे तोंड करून उभी करावी आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. धुरात काचा बंद, दिवे चालू, वेग कमी. रस्ता बंद झाला आणि आग जवळ आली तर गाडी झाडाझुडपांपासून लांब, उघड्या जागी थांबवावी. काचा बंद करून खिडकीच्या पातळीखाली वाकून बसावे, अंगावर घोंगडी घ्यावी आणि आगीची लाट पुढे जाईपर्यंत बाहेर पडू नये. पायी असाल तर उघडे शेत, खडकाळ जागा, रस्त्याचा रुंद भाग किंवा आधीच जळून काळी झालेली जमीन शोधा. जळून थंड झालेल्या जमिनीवर आगीला पुन्हा खायला काही नसते. पाठीमागे झाडी असलेल्या घळीत शिरू नका. घळ धुराड्यासारखे काम करते.

घर सोडताना खिडक्या-दारे लावायची, पण बाहेरच्या फाटकाला कुलूप घालायचे नाही, म्हणजे आग विझवणाऱ्यांना आत येता येते. पडदे काढून टाकायचे किंवा खिडकीपासून लांब करायचे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि टोपी लावायची. पाण्याचा ड्रम आणि बादल्या भरून अंगणात ठेवायच्या. हे सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मधल्या वेळेत. तिसरी खूण झाली की जे राहिले ते राहिले.

परत यायची वेळ पोलीस किंवा वनविभाग सांगेल तेव्हाच. आग विझल्यासारखी दिसली तरी झाडांचे बुंधे आणि मुळे आतून धुमसत राहतात आणि जळालेले झाड वाऱ्याशिवायही पडते. घराजवळ आल्यावर आधी छप्पर, पन्हळ आणि सरपणाची जागा पाहायची, कारण निखारा तिथे उशिरापर्यंत जिवंत राहतो. मग दार उघडून आधी वास घ्यायचा. गॅसचा वास आला तर दिवा, पंखा काहीही सुरू न करता बाहेर यायचे. आमच्या घरी हे काम बाबांचे आहे, आणि ते नसतील तर आईचे. आजी आणि बहीण तोपर्यंत वर दुकानातच बसतात. दुकानदाराला तसे सांगून ठेवले आहे, आणि आजीचे देव कुठे ठेवायचे यासाठी त्याने आपल्या गल्ल्याशेजारचा फळीचा कोपरा देऊ केला आहे.